लाल गाडीचा ब्रेक

माझी नोकरी काय होती हे सांगायला मला नेहमी दोन वाक्यं लागतात. लोणी देवकरच्या एका कारखान्यात मी ब्रेक तपासत होते, हे पहिलं. त्यावर समोरचा विचारतो, म्हणजे गॅरेजात? मग दुसरं वाक्य: नाही, तिथं गाडी नव्हती, नुसता ब्रेक होता. एवढं ऐकल्यावर बहुतेक जण पाऊसपाण्याकडं वळतात. तुम्ही हा अंक हातात घेऊन निवांत बसला असाल, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मोटारीच्या चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. तिला डिस्क म्हणतात. आपण पेडल दाबलं की दोन बाजूंनी दोन वड्या येऊन त्या तबकडीला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. या वड्या म्हणजे पॅड. आमचा कारखाना पॅड बनवायचा. प्रत्येक लॉटमधले चार-सहा पॅड माझ्या खोलीत यायचे. तिथं विजेच्या मोटारीवर फिरणारं एक भलंमोठं जड चाक होतं. चाक वेगात आणायचं, पॅड आवळायचे, आणि ते किती वेळात थांबलं, किती तापलं, तापल्यावर पकड राहिली की सुटली, याचा आलेख काढायचा. दिवसातून दोनशे वेळा तरी ते चाक थांबायचं. पंचवीस वर्षं मी हेच केलं. दुनिया गाड्या पळवायच्या मागं लागलेली, आणि माझा पगार थांबवण्याचा.

तिथं पोचले ते नाकामुळं. मी निरवांगीची. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात शाळा चुकवणं हा एकच गुन्हा होता, त्यामुळं आयटीआय झाले, तेही मशिनिस्ट. कारखान्यात मात्र बाई म्हणून मला पॅकिंगला बसवलं. एके दिवशी खोक्यात भरताना एका लॉटला वेगळा वास आला, कच्च्या भाकरीला येतो तसा. मी सुपरवायझरला सांगितलं. तो हसला. मी पुन्हा सांगितलं. शेवटी मोठ्या साहेबांनी तो लॉट तपासायला लावला, तर भट्टीत तो खरंच नीट भाजला गेला नव्हता. पुढच्या महिन्यात माझी बदली टेस्टिंगला झाली. या एका गोष्टीचा मला अजून गर्व आहे, तो मी लपवत नाही.

निवृत्त होऊन इंदापुरात राहायला आले आणि लोक घरी यायला लागले. कुणाचा ब्रेक कुईकुई करतो, कुणाची गाडी एका बाजूला ओढते. औद्योगिक वसाहतीतला एक इंजिनिअर शर्यतीच्या गाडीचे पॅड आपल्या रोजच्या गाडीला बसवून आला होता. तक्रार अशी, की सकाळी फाटकाबाहेर पडताना ब्रेक लागत नाही आणि ऑफिस जवळ आलं की लागतो. त्याला सांगितलं, बाबा, हे पॅड तापल्याशिवाय धरतच नाहीत. शर्यतीत ते लालबुंद होतात, तुझ्या रस्त्यावर कोमट पण होत नाहीत. महागाची वस्तू आपल्या कामाची असतेच असं नाही, हे त्याला पटायला आठवडा लागला.

पण एक प्रसंग असा आहे की त्यापासून मी कुणालाही उभ्या उभ्या उत्तर द्यायचं बंद केलं. यशवंत नावाचा एक वडापवाला होता, प्रवासी भरून जीप चालवायचा. तेव्हा मी नोकरीतच होते. कारखान्याच्या फाटकाशी त्यानं मला थांबवून चाकाकडं बोट केलं आणि विचारलं, "मॅडम, हे पॅड चालत्याल का अजून?" मी वाकून बघितलं. पॅड जाड होते, चांगले होते. म्हटलं, "चालतील, जा." चारच दिवसांनी तो लग्नाचं वऱ्हाड घेऊन घाट उतरत होता. ब्रेकच्या नळीतलं ऑइल कित्येक वर्षं बदललेलं नव्हतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि घाटात ब्रेक तापले की ते पाणी उकळतं. पेडल सरळ तळाला गेलं. यशवंतनं जीप डोंगराच्या अंगावर घातली म्हणून वऱ्हाड वाचलं. त्याचा गुडघा मात्र कायमचा गेला. मी दवाखान्यात भेटायला गेले तर त्याची बायको शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "ह्या मॅडमनी बघितला व्हता ब्रेक." तिच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. मी पॅड बघितला होता. ब्रेक बघितला नव्हता.

आता पोपटरावांची गोष्ट.

पोपटराव बारामतीजवळचे. वय त्रेसष्ट. वडील मेंढरं राखायचे, पोपटरावांनी पोल्ट्री काढली आणि आता ती दोन मुलं बघतात. तरुणपणी कुठल्या तरी कॅलेंडरवर त्यांनी दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली लाल गाडी बघितली होती. मुलं हाताशी आल्यावर पुण्यातून पंधरा वर्षं जुनी तशी गाडी त्यांनी घेतली. परदेशी बनावटीची, दार उघडून आत बसायचं तर आधी पाय, मग कंबर, मग डोकं असं क्रमानं जावं लागायचं. त्यांची बायको त्या गाडीला कंबरमोडी म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ती कंबरमोडी आमच्या दाराशी येऊन थांबली. पोपटराव छताला धरून बाहेर आले आणि त्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. मोठ्या डिस्क, त्यांच्यावर पॅड आवळणारे सहा-सहा दट्ट्यांचे लाल कॅलिपर, शर्यतीच्या गाडीला असतात तसे. पुण्याच्या दुकानदारानं सांगितलं होतं, हा किट बसवा, गाडी जागच्या जागी खिळेल.

"ताई, तुमी एवढंच सांगा, बसवू का नको."

"आधी हे सांगा, बसवावंसं का वाटलं?"

पोपटराव ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तीन महिनं झालं. निरवांगीच्या अलीकडं वळणावर मेंढरं आडवी आली. मी ब्रेक दाबला, गाडी थांबलीच न्हाय. दोन मेंढ्या गेल्या. राखणारीन एका मेंढीला वढायला मधी आली, तिचं मनगट मोडलं. मीच नेलं तिला दवाखान्यात." मग म्हणाले, "ताई, आमच्या बापानं मेंढराला कधी काठी न्हाय उगारली. आन् मी त्यांच्यावर गाडी घातली."

ही हकिगत मला निम्मी माहीत होती. ती राखणारीण म्हणजे ठकूबाई, माझ्या माहेरची, माझ्याच वयाची. तिचे भाऊबंद पोलिसात जायला निघाले होते, तेव्हा तिनंच त्यांना थांबवलं होतं. पाव्हण्याच्या गाडीचा ब्रेक लागला न्हाय, त्याला माणूस काय करणार, असं ती सगळ्यांना सांगायची. गावात सगळे तेच धरून होते.

"एवढ्याशा ब्रेकावर कुणाची बी गाडी थांबली नसती, न्हाय का?" पोपटरावांनी विचारलं. गाडी बघून होईपर्यंत त्यांनी हे तीनदा विचारलं. पहिल्या दोन वेळी माझं लक्षच गेलं नाही.

चाकं काढून बघितली. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक, डिस्क सरळ, कुठं गळती नाही. ब्रेकचं ऑइल मात्र काळं पडलेलं, उकळून उकळून कडू झालेल्या चहासारखं. मग टायरवरचा आकडा वाचला. टायरच्या अंगावर चार अंक छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. टायर नऊ वर्षांचे निघाले.

"नक्षी तर नव्यासारखी हाय की," पोपटराव म्हणाले.

मी त्यांना नख रुतवून बघायला सांगितलं. नख रुतेना. जुन्या चपलेचा तळवा जसा शहाबादी फरशीवर घसरतो, तसं होतं ते रबर. नक्षी कितीही राहिली तरी पकड गेलेली.

इथंच थांबले असते तरी चाललं असतं. टायर बदला, ऑइल बदला, किट नको. सल्ला बरोबरच होता. पण मला यशवंत आठवला, आणि दुसरं म्हणजे मला झोप लागेना. जुन्या टायरनं गाडी तीन-चार मीटर पुढं जाईल. तेवढ्यानं मेंढ्या मराव्यात का? वेग किती होता विचारलं तर पोपटराव साठ म्हणाले. माणसं वेग नेहमी कमी सांगतात, हा माझा अनुभव. म्हणून दुसऱ्या दिवशी स्कूटी काढून मी निरवांगीच्या रस्त्याला गेले, बरोबर लांब टेप घेतली. वळणावरून मेंढरं पहिल्यांदा दिसतात ती जागा, आणि धडक झाली ती जागा. रस्त्याकडेच्या टपरीवाल्यानं दोन्ही दाखवल्या. अंतर भरलं पंचेचाळीस मीटर.

साठच्या वेगात माणसाला दिसून, कळून, पाय पेडलवर जाईपर्यंत सतरा मीटर जातात. उरले अठ्ठावीस. त्या टायरवर सुद्धा गाडी वीस मीटरच्या आत थांबायला हवी. म्हणजे मेंढरांच्या अलीकडं आठ मीटर मोकळा रस्ता राहायला हवा होता. एक तर पोपटराव खोटं बोलत होते, नाही तर ब्रेकमध्ये असं काही होतं जे मला दिसलं नव्हतं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत असा न जुळणारा आकडा मला भेटला की मी जेवणाची सुट्टी विसरायचे. तसंच झालं.

सुट्टीच्या दिवशी औद्योगिक वसाहतीतले आतले रस्ते ओस असतात. ओळखीच्या वॉचमनला सांगून आम्ही एक सरळ रस्ता मिळवला. ऑइल आणि टायर मुद्दाम जुनेच ठेवले. फक्कीनं रस्त्यावर पांढरी रेघ मारली. साठच्या वेगात यायचं, रेघेवर ब्रेक मारायचा, आणि गाडी थांबेल तिथपर्यंत टेप लावायची. टेपचं एक टोक वॉचमनकडं.

पहिल्यांदा पोपटरावांनी चालवली, मी शेजारी. रेघ आली, त्यांनी दाबला, गाडी थांबली. छत्तीस मीटर.

"बघा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. "मी म्हणलं व्हतं न्हवं?"

पुन्हा चालवायला लावली. पस्तीस. पुन्हा छत्तीस. त्यांचं सांगणं खरं होतं. वळणावरच्या अंतराशी हा आकडा तंतोतंत बसत होता. सतरा आणि छत्तीस त्रेपन्न, जागा पंचेचाळीसची. पण शेजारी बसून मला गाडीच्या तळाला काहीच जाणवलं नव्हतं. जोरात ब्रेक मारला की नव्या जमान्याच्या गाडीत एक यंत्रणा जागी होते, एबीएस. चाक घसरायला लागलं की ती क्षणभर ब्रेक सोडते, पुन्हा धरते, सेकंदाला कितीतरी वेळा. पेडल पायाखाली थरथरतं, शेजारच्यालाही ते तळातून कळतं. ते एकदाही थरथरलं नव्हतं.

"आता मी चालवते," म्हटलं.

पोपटराव शेजारी बसले. मी साठला आणली, रेघ येताच पाय खाली नेला तो पार तळापर्यंत. पेडल घडघडलं, टायर किंचाळले, पोपटराव पट्ट्यात लटकले आणि त्यांची टोपी पुढच्या काचेवर जाऊन पडली.

"काय तुटलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. उतरा, मोजू."

एकोणीस मीटर. तीच गाडी, तेच म्हातारे टायर, तेच काळं ऑइल.

वॉचमननं पुन्हा टेप लावली, त्याला आपलीच चूक झाली असं वाटलं. एकोणीसच. मग मी ओळीनं आठ वेळा थांबवली, मध्ये विश्रांती न देता, ब्रेक तापून ढिले पडतात का ते बघायला. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग तिथं असतो. पुन्हापुन्हा, फार वेगातून थांबायचं तर उष्णता जायला जागा लागते. आठव्या खेपेला वीस भरले. पॅडचा वास येत होता, पण पकड शाबूत होती. एबीएस जागी होते याचा अर्थ ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्त आहे. त्यावर आणखी मोठा ब्रेक चढवून त्या रस्त्यावर गाडी एक वीतभरही अलीकडं थांबली नसती. शिवाय पुढचाच ब्रेक वाढवला तर पुढच्यामागच्या चाकांचा तोल बिघडतो, ते वेगळंच.

हे सगळं मी त्यांना सांगत होते, पण माझं लक्ष त्यांच्या उजव्या पायाकडं होतं. त्यांना पुन्हा चालवायला बसवलं आणि या वेळी रस्त्याकडं न बघता पायाकडंच बघितलं. पाय पेडलवर वेळेवर गेला. पण पुढं तो दाबला कसा, तर पाळण्यातल्या पोराला उठू न देता पाळणा थांबवावा तसा. आधी टेकला, मग हळूहळू वजन आलं, आणि अर्ध्यावर जाऊन थबकला.

"पोपटराव, ही गाडी घ्यायच्या आधी काय चालवलंत?"

"टेम्पो. बावीस वर्स."

"माल कसला?"

"अंडी," ते म्हणाले.

मग त्यांनीच सांगितलं. धंद्याच्या पहिल्या महिन्यात ते रोज सकाळी अंड्यांचे ट्रे भरून बारामतीला न्यायचे. कुत्रं आडवं आलं, ब्रेक मारला, की मागं चुरा. फुटलेली अंडी घरी परत यायची आणि घरात सकाळ-संध्याकाळ अंड्याची पोळी. आठवड्यानं बायको म्हणाली, एक तर ब्रेक नीट मारायला शिका, नाही तर मला माहेरी सोडा. ते शिकले. इतकं शिकले, की खड्ड्यातून टेम्पो गेला तरी वरच्या ट्रेमधलं अंडं हलायचं नाही. बाजारात व्यापारी त्यांच्या मालावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. धंदा वाढला तो या पायावर.

"कुणी आडवं आलं की माझा पाय आपुआप मऊ पडतो," ते म्हणाले. "मला तर वाटत व्हतं मी पुरा दाबलाय."

मला हसू आलं होतं, ते मी आवरलं. कारण पोपटराव रस्त्याच्या कठड्यावर जाऊन बसले होते.

"म्हंजी ब्रेक चांगला व्हता."

"हो."

"मी ठकूबाईला सांगितलं, ब्रेक लागला न्हाय. दवाखान्यात, तिचा हात बांधत व्हते तवा. तिच्या भावकीला बी तेच. घरात बी तेच."

"तुम्हाला तेव्हा तसंच वाटलं होतं."

"तवा वाटलं व्हतं. आता?"

मी म्हटलं, टायर जुने होते, हे खरं आहे. ऑइलही जुनं होतं. हे मी का बोलले ते मला ठाऊक आहे. मला त्या माणसाला काहीतरी द्यायचं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "त्या टायरवरच तुमी एकुणीसला थांबवली न्हवं?"

तेव्हा मला कळलं, की पोपटराव तो फोटो घेऊन माझ्याकडं का आले होते. ब्रेक लहान आहे असं कुणीतरी जाणत्यानं म्हणावं, मोठा बसवावा, आणि त्या जुन्या ब्रेकबरोबर तो दिवसही भंगारात जावा. मी होकार दिला असता तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी किट बसवला असता, आणि गाव, ठकूबाई, पोपटराव, सगळे आपापल्या जागी राहिले असते.

त्यानंतर महिनाभर त्यांचा पत्ता नव्हता. मला वाटलं, रागावले. मग फोन आला.

"टायर टाकलं नवं. ऑइल बदललं. किट न्हाय घेतला. रोज सकाळी पोल्ट्रीच्या रस्त्याला वीस वेळा ब्रेक मारतोय, ताई. पाय ऐकत न्हाय."

"ऐकेल. बावीस वर्षांची सवय आहे."

"बायको म्हणती, म्हातारा येडा झाला. पळवायची गाडी घेतली आन् दिवसभर थांबवतोय." मग म्हणाले, "कालपास्नं ते पेडल थरथरतंय. सोळा मीटर आलं. पोरानं मोजलं."

मी शाबास म्हटलं. त्यांना ते ऐकायचं नव्हतं.

"निरवांगीला जायचंय. तुमी येता का संगं? मला ते मीटरचं नीट सांगता येनार न्हाय."

मीटरचं सांगायला माझी काही गरज नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. मी गेले.

ठकूबाईची मेंढरं कालव्याच्या अलीकडच्या पडीक रानात बसली होती. ती रस्त्याकडेला दगडावर बसून, काठी मांडीवर आडवी धरून कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी बघत होती. लाल गाडी दिसल्यावर उठली नाही. हातावरचं प्लास्टर निघालं होतं, हात दुसऱ्या हातापेक्षा बारीक दिसत होता.

"या पाव्हणं. सुनंदाताई, तू बी?"

पोपटराव तिच्यासमोर उभे राहिले. मी मीटर, टायर, एबीएस यातलं काहीतरी सुरू करणार होते, पण त्यांनी मला बोलू दिलं नाही.

"ठकूबाई, ब्रेक चांगला व्हता," ते म्हणाले. "मी दाबला, पर पुरा न्हाय दाबला. पाय मऊ पडला माझा. ब्रेक लागला न्हाय असं मी सांगितलं ते चुकीचं व्हतं. तुमी सगळ्यांस्नी तेच सांगितलं, ते माझ्यामुळं."

एक मेंढी रस्त्याकडं सरकत होती, तिला ठकूबाईनं तोंडानंच आवाज देऊन माघारी फिरवलं. मग उठली, पदर खोचला, आणि गाडीकडं काठी दाखवून म्हणाली, "आता लागतो का?"

"लागतो."

"दावा."

गाडीत दोघांचीच जागा. ठकूबाई आधी पाय, मग कंबर, मग डोकं अशी आत गेली. काठी आत मावेना, ती माझ्याकडं दिली. पोपटराव गाडी लांब घेऊन गेले, वळवली आणि वेगात आले. रस्ता मोकळा होता. माझ्यासमोर येताच ब्रेक लागला. नव्या टायरचाही आवाज झाला, गाडीचं तोंड खाली वाकलं आणि ती उभी राहिली. रानातल्या सगळ्या मेंढरांनी एकदम माना वर केल्या. कडेची दहा-बारा उधळून बांधापर्यंत गेली.

ठकूबाई सावकाश बाहेर आली. मेंढरांकडं बघत होती.

"ह्यो आवाज," ती म्हणाली. "त्या दिशी ह्यो आवाज आला न्हाय. कुठलं बी जनावर बिचकलं न्हाय, समदी आपली चालतच व्हती. ट्रक म्हना, यष्टी म्हना, डायवरनं जीव खाऊन ब्रेक मारला की मेंढरू आधी बिचकतंय, मला नंतर कळतंय. जलम गेला माझा रस्त्यावर. मला तवाच कळलं व्हतं, ह्येनं दाबलाच न्हाय म्हनून."

पोपटरावांचा हात गाडीच्या दारावरच राहिला.

मला राहवलं नाही. "मग ब्रेक लागला नाही असं का सांगत होतीस सगळ्यांना?"

"पाव्हन्यानं सांगितलं ते सांगितलं. त्येच्या पायाचं मी कशाला सांगू? त्येचं त्येनं सांगायचं." तिनं माझ्या हातातली काठी घेतली, डाव्या हातात. "आज आला. बरं झालं."

क्षमा केली असं ती म्हणाली नाही आणि पोपटरावांनी मागितलीही नाही. ते दोन पावलं पुढं आले.

"हात कसा हाय?"

चार महिन्यांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता, असं ठकूबाईनं मला नंतर सांगितलं. दवाखान्याचं सगळं त्यांनी बघितलं होतं, पण समोर आले की ते मेंढरांचं आणि ब्रेकचंच बोलत.

"भाकरी थापती. कळशी उचलत न्हाय अजून," ती म्हणाली. मग तिनं बांगड्या मागं सारल्या, बारीक झालेलं मनगट त्यांच्यासमोर धरलं आणि आधी इकडं, मग तिकडं वळवून दाखवलं, कुठपर्यंत वळतं ते. पोपटराव वाकून बघत राहिले.